अडकलेला पॉवर अँटेना: आख्खं युनिट घ्यावं की नुसती काडी?

रेडिओ लावला की फेंडरमधून, म्हणजे चाकावरच्या पत्र्यातून, गुर्रर्र करत वर येणारा अँटेना ही नव्वदच्या दशकातल्या मोठ्या गाड्यांची ऐट होती. १९९५ पासून पुण्यात जोडणी झालेली डब्ल्यू १२४ मर्सिडीज घ्या किंवा आखातात अजून जोरात पळणारी ऐंशी सिरीजची लँड क्रूझर घ्या, या गाड्यांचे अँटेने आता एक तर अर्ध्यावर अडकतात, नाहीतर बाहेरच येत नाहीत. त्यावर बाजारात दोन प्रकारचा माल मिळतो. एक म्हणजे नुसती काडी, म्हणजे मास्ट, बुडाशी दातेरी नायलॉन केबल जोडलेली. दुसरं म्हणजे मोटरसकट आख्खं युनिव्हर्सल युनिट. मोटर फिरत असेल तर काडीच घ्या. युनिव्हर्सल युनिट हा नाइलाजाचा सौदा आहे, आणि बहुतेक दुकानदार पहिल्यांदा तेच पुढे करतात.

मोटर फिरते की नाही हे कान लावला की कळतं. रेडिओ चालू-बंद करा. मोटर मोकळी फिरल्यासारखी घुंईं करते पण काडी जागची हलत नाही, याचा अर्थ केबल तुटली किंवा तिचे दाते सोलले गेले. कट्-कट्-कट् आवाज आला तर मोटर जोर लावते आहे, पण काडी जाम असल्यामुळे आतला क्लच, म्हणजे जास्त जोर आला की मोटरला गिअरपासून सोडवणारी प्लेट, घसरतो आहे. नुसता रिलेचा, म्हणजे मोटरला करंट जोडणाऱ्या स्विचचा, टिक् ऐकू आला आणि पुढे सामसूम, तर मोटर गंजून बसली असावी. काहीच आवाज नसेल तर आधी फ्यूज बघा, मग अँटेनाच्या कनेक्टरवर टेस्ट लॅम्प लावा: एका वायरला कायम १२ व्होल्ट, एक अर्थ, आणि तिसऱ्या वायरला फक्त रेडिओ लावल्यावर १२ व्होल्ट यायला हवेत. कायमचा सप्लाय इग्निशनवर जोडलेला असला तर किल्ली काढली की अँटेना वरच राहतो, कारण खाली यायलाही मोटरला करंट लागतो. यात अँटेनाचा काही दोष नसतो.

जाम काडीवर खर्च करण्याआधी एकदा साफसफाई करून बघा. काडी हाताने बेताने वर ओढा, एकात एक सरकणारी तिची प्रत्येक नळी रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने काळं निघायचं थांबेपर्यंत पुसा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब फडक्यावर घेऊन फिरवा आणि कोरड्या कपड्याने पुन्हा पुसून काढा. ग्रीस अजिबात नको. ग्रीसवर धूळ बसते, ती काडीबरोबर आत जाते आणि दोन महिन्यांत नळ्यांच्या सांध्यात काळी पेस्ट होते. काडी वाकलेली असेल तर मात्र सरळ करायच्या फंदात पडू नका. डोळ्याला सरळ दिसली तरी नळीचा गोलवा गेलेला असतो आणि ती त्याच जागी पुन्हा अडकते.

आता काडीच्या पाकिटाकडे वळू. आत काय हवं? काडी, केबल, वरचा क्रोमचा नट, आणि पितळी बुश. या बुशकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि रिसेप्शन सगळं त्याच्यावर असतं. त्याला उभी चीर असते, तो काडीच्या सर्वांत जाड नळीला आवळून धरतो आणि सिग्नल तिथून खालच्या वायरला जातो. पाकिटात बुश नसेल तर जुना जपून काढा, बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा आणि पुन्हा घाला. तो बसवायचा राहिला तर अँटेना झकास वरखाली होतो आणि रेडिओवर नुसती खरखर.

कंपनीच्या मास्टमध्ये आणि स्वस्त मास्टमध्ये फरक दिसतो तो तीन ठिकाणी. स्वस्त काडीचा क्रोम पातळ असतो, दमट हवेत, विशेषतः मुंबई-कोकणात, सांध्यांपाशी लवकर फुगतो. नळ्या एकमेकींत सैल असतात, वेगात काडी थरथरते. तिसरा फरक महागात पडतो: केबलची जाडी आणि दात्यांमधलं अंतर. दुकानातून घेताना जुन्या केबलचा तुकडा बरोबर न्या, दात्याला दाता भिडवून बघा आणि व्हर्नियरने जाडी मोजा. ऑनलाइन मागवत असाल तर 'सगळ्या गाड्यांना चालेल' असं लिहिलेली काडी सरळ सोडून द्या. डब्ल्यू १२४ ला हिर्शमान या जर्मन अँटेना कंपनीची काडी मिळत असेल तर जास्तीचे पैसे वाचवू नका. तिची केबल बरोबर बसते, कापायची किंवा तासायची वेळ येत नाही.

बसवायला युनिट गाडीतून काढावं लागत नाही, पण रेडिओपाशी एक माणूस लागतो. रेडिओ बंद ठेवून वरचा नट सोडवा. नटाला खाचा असतील तर त्याचा खास पाना वापरा किंवा पक्कडीच्या जबड्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, नाहीतर क्रोम गेलाच म्हणून समजा. फेंडरवर जाड कापड टाका. रेडिओ लावायला सांगा, मोटर काडी बाहेर ढकलते, तुम्ही हलकेच वर ओढत राहा. केबल बाहेर येताना तिचे दाते कुठल्या बाजूला आहेत ते नीट बघून ठेवा.

इथे एक थांबा घ्या. निघालेली केबल जमिनीवर नव्या केबलशेजारी लावा. लांबी जुळली आणि खालचं टोक साबूत असलं तर पुढे जा. टोक तुटकं असेल तर उरलेला तुकडा आत, केबल जिथे गुंडाळली जाते त्या ड्रममध्ये पडला आहे, आणि तो न काढता नवी घातली की ती पूर्ण आत जाणार नाही. 'नवी काडी बसवली, पण दोन इंच वरच राहते' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. अशा वेळी युनिट काढायला पर्याय नाही: डिकीतलं अस्तर, खालच्या ब्रॅकेटचा बोल्ट, कनेक्टर, अँटेनाचा प्लग, ड्रेनची नळी. मग झाकणाचे स्क्रू खोलून तुकडे वेचा, वाळलेलं ग्रीस पुसा, गिअरच्या दात्यांना पांढरं लिथियम ग्रीस अगदी थोडं लावा. क्लचच्या प्लेटला त्याचा स्पर्शही नको, नाहीतर ती कायमची घसरत राहील.

नवी केबल पाकिटात वेटोळं होऊन येते. तशीच घातली तर तोंडाशीच वळते. कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवा, हाताने सरळ करा, पुसून कोरडी करा. मग दाते जुन्याच बाजूला ठेवून केबल आत सोडा, तळाला टेकली की थोडा दाब ठेवा आणि रेडिओ बंद करायला सांगा. गिअरने दाता पकडला की केबल हातातून ओढली जाते. पकडली नाही तर दाबून धरत केबल थोडी थोडी फिरवा. काही युनिटमध्ये मोटर ठरावीक सेकंदांनी आपोआप थांबते, तेव्हा रेडिओ पुन्हा लावून बंद करा. काडी आत गेली की बुश बसवा, नट हातानेच फिरवून आटे बरोबर लागल्याची खात्री करा आणि मग बेताने आवळा. दोन-तीनदा वरखाली करून बघा. शेवटी मल्टीमीटर: काडीपासून प्लगच्या मधल्या पिनेपर्यंत रेझिस्टन्स जवळपास शून्य यायला हवा, आणि मधली पिन व बाहेरची कडा यांच्यात काहीच कनेक्शन दिसता कामा नये. दिसलं तर आत पाणी आहे किंवा वायर दबली आहे.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर ड्रेनची नळी. काडीच्या बाजूने पावसाचं पाणी आत जाणारच, ते खालच्या रबरी नळीतून बाहेर पडायचं असतं. नळी चिखलाने तुंबली किंवा वर दुमडली की पाणी मोटरपाशी साठतं आणि एका पावसाळ्यात मोटर जाते. जूनच्या आधी नळीत पातळ तार घालून बघणं एवढंच काम आहे, पण मोटर जळून आलेल्या अँटेनात ही नळी मोकळी क्वचितच सापडते.

युनिव्हर्सल युनिटबद्दल थोडक्यात. चालतं, पण मनासारखं बसत नाही. फेंडरच्या उताराला त्याचं रबर जुळत नाही, ब्रॅकेट वाकवावा लागतो, फेंडरखाली खोली पुरेल का हे आधी टेपने मोजावं लागतं. वायरचे रंग ठरलेले नसतात, लेबल वाचूनच जोडा. बसवताना फेंडरच्या आतल्या बाजूचा रंग वॉशरपुरता खरवडून पत्रा उघडा करा आणि वर व्हॅसलीन लावा. तिथे अर्थ कच्चा राहिला तर एक्सलरेटर दाबला की रेडिओत अल्टरनेटरची शिट्टी वाजते.

नव्या स्टिरिओला जोडताना घोळ होतो तो निळ्या वायरींचा. नुसती निळी अँटेनाची, निळी-पांढरी अँप्लिफायरची. स्टिरिओच्या मागच्या ठरावीक मांडणीच्या आयएसओ सॉकेटमध्ये अँटेनाचा सप्लाय ए५ पिनेवर असतो. ही वायर रिलेला इशारा देण्यापुरती आहे, मोटरचा करंट तिच्यातून घेतलात तर स्टिरिओचं आउटपुट जळतं. अँटेनाच्या आत रिले नसेल तर बाहेरून लावून घ्या. आणि ॲक्सेसरीच्या दुकानात ही वायर थेट इग्निशनला जोडू देऊ नका, नाहीतर गाडी चालू केली की गरज नसताना अँटेना वर येतो आणि कार वॉशच्या ब्रशात मोडतो.

काडी पूर्ण वर येणं दिखाऊपणासाठी नसतं. एफएमच्या १०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी ३ मीटर, तिचा चतुर्थांश ७५ सेंटिमीटर, म्हणून काडी साधारण तेवढी ठेवतात. रबराचा बुटका अँटेना शहरात भागवतो, खंडाळ्याच्या घाटात उघडा पडतो. मीडियम वेव्हवर तर काडी अर्धी वर असली तरी फरक कळतो.

मोटरच गेली असेल तर युनिव्हर्सलआधी कुर्ल्याला सीएसटी रोडवर त्याच गाडीचं जुनं युनिट मिळतं का बघा. पैसे देण्याआधी दुकानातल्याच बॅटरीवर तपासा: कायमची आणि इशाऱ्याची वायर प्लसला, काळी मायनसला, काडी वर यायला हवी. मग फक्त इशाऱ्याची वायर सोडा, काडी आपणहून खाली गेली पाहिजे. काडी मोडकी असली तरी चालेल, ती बदलताच येते. मोटर अडखळली किंवा झाकणातून तांबडं पाणी गळालं तर तिथेच ठेवून द्या.