आधी कलमं की आधी इतिहास?

आमच्या नांदेडच्या अभ्यासिकेत पोरं राज्यघटना दोन रीतींनी वाचतात. काही जण सरळ कलमं पाठ करतात, काही आधी इतिहासाला हात घालतात.

पाठांतर लवकर होतं, परीक्षेत गुणही देतं. तेवढ्यापुरतं ते बरंच आहे.

पण कलम 371 (2) घ्या. त्यात मराठवाड्याचं नाव आहे, स्वतंत्र विकास मंडळाची तरतूद आहे. शेजारच्या टेबलावरच्या पोराने त्यावर पिवळी रेघ मारली होती. “आपलंच नाव का रे?” विचारलं, तर गप्प. उत्तर कलमात नाहीच. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राजवटीत होतो. 1953 चा नागपूर करार, म्हणजे मराठी भाषकांचं एक राज्य करताना विदर्भ-मराठवाड्याला न्याय्य वाटा देण्याचा नेत्यांमधला समझोता झाला आणि 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. मागे पडू ही धास्ती त्या ओळीमागे आहे. हे कळलं की कलम पाठ करावं लागत नाही.

घटना लिहिणाऱ्यांनीही इतिहास उशाशी ठेवला होता. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी सिंधच्या दाहिर राजाच्या, आक्रमकाकडून लाच खाऊन लढायला नकार देणाऱ्या सेनापतींची आठवण दिली. मिळालेलं स्वातंत्र्य पुन्हा जाईल का, ही त्यांची काळजी होती. ते भाषण मी दरवर्षी वाचतो, अजूनही अंगावर काटा येतो.

परीक्षा महिन्यावर असेल तर कलमं धरा. वर्ष हाताशी असेल तर इतिहासापासूनच सुरू करा, असं मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो.