चँडलरला येताय? मग बेसिस की ग्रेट हार्ट्स

हिंजवडीहून फिनिक्सकडे बदली झाली की सामान उतरायच्या आधी फोन येतो, "मुलांना बेसिसमध्येच टाकायचं ना?" त्या "च"मध्ये उत्तर आधीच ठरलेलं असतं. फिनिक्सशेजारच्या चँडलर भागात इंटेलमुळे आणि आता इतर कंपन्यांमुळे आपली माणसं भरपूर, त्यामुळे बेसिस या शाळेचं नाव मंडळाच्या गणपतीत तिसऱ्या वाक्याला निघतंच. ग्रेट हार्ट्स या दुसऱ्या शाळेचं नाव मात्र क्वचित निघतं. माझ्या मते तेही पाहून मगच ठरवावं.

दोन्ही चार्टर शाळांची जाळी आहेत. रयत शिक्षण संस्था किंवा डेक्कन एज्युकेशन सोसायटी डोळ्यांपुढे आणा: पैसा बराचसा सरकारचा, कारभार संस्थेचा, शाळा अनेक पण वळण एक. इथे पगाराचं अनुदान येत नाही, मुलामागे ठरावीक रक्कम येते आणि शिक्षक संस्थाच नेमते. अ‍ॅरिझोनाचा चार्टर शाळांचा कायदा १९९४ चा. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत निघते. भावंडांना प्राधान्य मिळतं. भाड्याने राहणाऱ्यांसाठी मोठी सोय म्हणजे शाळेला पत्त्याची हद्द नाही. घर बदललं तरी शाळा तीच राहते.

बेसिस १९९८ मध्ये टुसानला सुरू झाली. अर्थशास्त्राचे प्राध्यापक मायकेल ब्लॉक आणि मूळच्या चेक असलेल्या त्यांच्या पत्नी ओल्गा यांनी ती काढली, आणि युरोपातल्या शाळांची कडक घडण अभ्यासक्रमात दिसते. सहावीपासून भौतिक, रसायन, जीवशास्त्र हे तीन वेगळे विषय. आठवीत अर्थशास्त्र. माध्यमिकला वर्षाच्या शेवटी "कॉम्प्स" नावाच्या परीक्षा असतात आणि त्यांत पास झाल्याशिवाय वरचा वर्ग मिळत नाही. पुढे कॉलेजच्या तोडीचे एपी अभ्यासक्रम सगळ्यांनाच घ्यावे लागतात. अमेरिकेत शाळेत कुणी नापास होत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर त्याने ही शाळा पाहिलेली नाही.

मुलांकडे एक "सीजे" असतो, म्हणजे रोजच्या नोंदीची वही. एका मित्राच्या घरी जेवायला गेलो होतो. त्यांची सहावीतली मुलगी ताटाशेजारी ती उघडून बसली होती. प्रत्येक विषयापुढे तिच्या बारीक अक्षरात गृहपाठ आणि चाचणीची तारीख. "गुरुवारी केमिस्ट्री आहे, मी पिठलं नंतर खाते," म्हणाली आणि गेली. मित्र खूष होता. मला माझी दहावी आठवली.

ग्रेट हार्ट्सचा रस्ताच निराळा. शास्त्रीय (क्लासिकल) शिक्षण म्हणजे जुने ग्रंथ, लॅटिन, कविता पाठ करणं, वळणदार अक्षर, गणवेश. प्राथमिक शाळा "आर्चवे" नावाच्या, माध्यमिक "प्रेप" नावाच्या. चँडलरमध्ये दोन्ही आहेत. वरच्या वर्गांचा कणा म्हणजे "ह्युमेन लेटर्स" हा जवळजवळ दोन तासांचा तास. शाळा दाखवतात तेव्हा तो जरूर बघा. टेबलं एकमेकांकडे तोंड करून, समोर एकच उतारा. एक मुलगा म्हणाला, हे मला पटत नाही. बाईंनी एवढंच विचारलं, "उताऱ्यात कुठल्या ओळीमुळे?" मग बराच वेळ शांतता. पानं उलटल्याचे आवाज. बारावीत प्रत्येकाला प्रबंध लिहून शिक्षकांपुढे त्याची बाजू मांडावी लागते. गणित हलकं असेल अशी आपल्या लोकांना शंका असते, पण कॅल्क्युलस तिथे सगळ्यांनाच करावा लागतो.

आता क्रमवारीबद्दल, कारण खरा गोंधळ तिथेच आहे. २०१८ च्या यू. एस. न्यूज या प्रकाशनाच्या देशातल्या हायस्कुलांच्या यादीत पहिल्या पाचही जागा अ‍ॅरिझोनातल्या बेसिस शाळांच्या होत्या. ही यादी बनते कशी, ते मात्र कुणी बघत नाही. तिच्यात किती मुलांनी एपीच्या परीक्षा दिल्या आणि किती पास झाले, याला मोठं वजन आहे. बेसिसमध्ये एपी सक्तीचं, ग्रेट हार्ट्सचा डोलारा एपीवर उभाच नाही. म्हणजे एकीने ज्या विषयाचा पेपर दिला, त्याच पेपरवर दुसरीचे गुण मोजायचे. शिवाय हा हिशेब बारावीपर्यंत टिकलेल्या मुलांचा असतो. बेसिसच्या बारावीचा पट सहावीच्या पटापेक्षा बराच लहान असतो, ही गोष्ट जुनी आणि उघड आहे. सगळी मुलं अभ्यासाला कंटाळूनच जातात असं नाही. कुणाला बँड हवा असतो, कुणाला फुटबॉलचं मोठं मैदान, कुणाला मोठी शाळा. तरी शाळा बघायला जाल तेव्हा दोन्हीकडे हाच प्रश्न विचारा: सहा वर्षांपूर्वी सहावीत किती होते, आज बारावीत किती आहेत? चकचकीत माहितीपत्रकापेक्षा हे दोन आकडे जास्त सांगतात.

कारभारातही फरक आहे. ग्रेट हार्ट्स ही ना-नफा संस्था. बेसिसची चार्टरं, म्हणजे शाळा चालवायचे परवाने, ना-नफा संस्थेच्या नावावर आहेत, पण शाळा चालवते खासगी कंपनी. त्यामुळे पैसा सरकारी असला तरी कंपनीच्या आतल्या खर्चाचा तपशील सहज हाती लागत नाही. पालकाच्या रोजच्या जगण्याला याने फार फरक पडत नाही, मला मात्र तो खुपतो. फी नसली तरी देणगीची विनंती दोन्हीकडे येते. बेसिसमध्ये ती मुलामागे १,५०० डॉलर असल्याचं छापून आलेलं आहे. देणगी ऐच्छिक असते, न दिल्याने जागा जात नाही.

न्यू जर्सी, न्यूयॉर्ककडचे लोक किप आणि सक्सेस अ‍ॅकॅडमी या चार्टर शाळांच्या जाळ्यांबद्दल विचारतात. किप १९९४ ची, ह्यूस्टनची, आता देशभर पसरलेली. सक्सेस २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेमला सुरू झाली. दोन्ही मुख्यतः गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी उभ्या राहिल्या, त्यांचं मोजमाप वेगळ्या काट्यावर करावं लागेल. आपला प्रश्न तो नाही.

मग कोणाला कुठे? ज्या मुलाला गणिताचा नाद आहे, वही नीट ठेवायची सवय आहे आणि कमी गुण मिळाले तर दुसऱ्या दिवशी विसरता येतं, त्याला बेसिस मानवेल. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची आणि पालक सगळ्यात आधी तिच्याकडेच डोळेझाक करतात. जे मूल सावकाश वाचतं, फाटे फोडतं, जेवताना "पण का?" विचारून वैताग आणतं, त्याला ग्रेट हार्ट्स दाखवा. दोन वर्षांत पुण्याला परत जायचं असेल तर बेसिसची विज्ञानाची वाट आपल्या अभ्यासक्रमाला जवळची पडते. मुलाला विशेष शैक्षणिक मदत लागत असेल, तर मी आधी चँडलर युनिफाइड या इथल्या सरकारी शालेय जिल्ह्याच्या साध्या शाळेत जाऊन बोलेन. मोठ्या जिल्ह्याकडे त्यासाठी माणसं जास्त असतात, आणि त्या शाळा चांगल्याही आहेत.

एक राहिलंच. दोन्हीकडे पिवळी बस आणि शाळेतलं गरम जेवण गृहीत धरू नका. डबा घरचा, ने-आण आपली. शाळा भरते त्या ऑगस्टमध्ये इथे पारा ४० च्या वर असतो आणि सुटायच्या वेळी गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत येते. आजी-आजोबा गाडी चालवत नसतील आणि तुम्ही दोघंही ऑफिसला जात असाल, तर सोडतीचा अर्ज भरायच्या आधी शेजारी कोण त्याच शाळेत जातं ते शोधा.