‘डॉक्टरांच्या हातून’ बाळाचे कान टोचले, पण डॉक्टर नव्हतेच

ठाण्यात घोडबंदर रोडला हल्ली ‘डॉक्टरांच्या हातून वेदनारहित कान टोचून मिळतील’ अशा पाट्या बऱ्याच ठिकाणी दिसतात. मोबाइलवरही तशा जाहिराती येत राहतात. त्यातल्याच एका ठिकाणी आम्ही आमच्या लेकीचे कान टोचून घेतले. ज्यांना डॉक्टर म्हणून पुढे केलं त्या डॉक्टर नव्हत्या, सोनं म्हणून दिलं ते सोनं नव्हतं आणि ‘सीलबंद, निर्जंतुक’ म्हणून जे वापरलं ते आमच्यासमोर फोडलेलंच नव्हतं. डॉक्टर आणि सोनं यांचे पैसे मात्र वेगवेगळे लावले. बाळाला जे सोसावं लागलं त्याची तर भरपाईच नाही. ज्यांच्या घरात आत्ता तान्हं बाळ आहे त्यांनी हे वाचावं, म्हणून सगळं तपशीलवार लिहितेय.

आमच्याकडे बाराव्या दिवशी, बारशालाच कान टोचायची पद्धत. सासूबाईंच्या माहेरी, वाईला, ठरलेले सोनारकाका घरी यायचे. लेक वेळेआधी झाली, वजन कमी होतं, म्हणून बारशाला आम्ही टोचले नाहीत. आमच्या बालरोगतज्ज्ञ म्हणाल्या, “दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी होऊ द्या, मग टोचा.” त्या वेळी जी पेंटाव्हॅलंट लस देतात तिच्यात धनुर्वात आणि कावीळ ब या दोन्हींची लस असते आणि टोचण्यातून या दोन आजारांचा धोका असतो. हे पटलं, आम्ही थांबलो. त्या स्वतः कान टोचत नाहीत. तोवर वाईचे काकाही थकले होते. मग शोधाशोध सुरू झाली.

मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला होता, “टोचणार कोण?” पलीकडची मुलगी म्हणाली, “मॅडम, आमच्याकडे डॉक्टरच करतात, पार्लरवाल्या नाहीत.” हेच मी व्हॉट्सअॅपवर पुन्हा विचारलं आणि तिने लेखी उत्तर दिलं: ‘हो मॅडम, डॉक्टर करतील. १८ कॅरेट गोल्ड स्टड. फुल स्टराइल.’ हा मेसेज पुढे फार कामाला आला. दर सांगितला तो ४,८०० रुपये. त्यात ‘डॉक्टर फी’, ‘सोन्याचे स्टड’ आणि ‘बधिर करायचं मलम’ असे भाग पाडलेले. सासूबाई म्हणाल्या, “एवढ्यात तर बाळ्यांची जोडी आली असती गं.” पण डॉक्टर आणि स्वच्छता यासाठी आम्हाला ते पैसे जास्त वाटले नाहीत. अशी ठिकाणं आईबापांच्या याच काळजीवर धंदा करतात.

जागा चकाचक होती. टोचणाऱ्या बाईंच्या अंगावर पांढरा कोट, तोंडावर मास्क, हातात मोजे. सगळे त्यांना ‘डॉक्टर मॅडम’ म्हणत होते. कानाला मलम चोळलं आणि लगेच पेनने खुणा करायला घेतल्या. लेक माझ्या मांडीवर आडवी, मान एका बाजूला कललेली, तशातच. खरं तर बाळाला सरळ धरून, समोरून दोन्ही कान एका रेषेत बघून खूण करायची असते. मलमाचंही तेच. लिडोकेन आणि प्रिलोकेनचं जे मलम यासाठी वापरतात, ते लावून वर पट्टी झाकून साधारण तासभर ठेवावं लागतं, तेव्हा कुठे कातडी बधिर होते. शिवाय तान्ह्या बाळाला ते किती लावायचं हे वय आणि वजन बघून डॉक्टरने ठरवायचं असतं, कारण जास्त झालं तर रक्ताच्या प्राणवायू वाहून नेण्यावर परिणाम होऊ शकतो. आमच्याकडे ना कुणी वजन विचारलं, ना कुणी तास थांबलं. पैसे तेवढे लावले.

मग ट्रेमधून कान टोचायची गन आणली. ती मला अगदी जवळून दिसली, कारण माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होती. पांढरट प्लास्टिकची, स्प्रिंगवर चालणारी. स्टड बसवायच्या खाचेच्या कडेला काळपट थर साचलेला. शेजारी स्टडचं पाकीट होतं, पण त्याचा वरचा कागद आधीच उलगडलेला. मी म्हटलं, “हे उघडं कसं?” तर म्हणाल्या, “आत्ताच फोडलंय, टाइम वाचावा म्हणून.” स्पिरिटचा बोळा गनवरून फिरवला आणि झालं निर्जंतुक.

स्पिरिट पुसून वस्तू निर्जंतुक होत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेत १२१ अंश सेल्सिअसला निदान १५ मिनिटं ठेवावी लागते आणि या गनचं प्लास्टिक ते सोसत नाही. म्हणजे तशी गन खऱ्या अर्थाने निर्जंतुक करताच येत नाही. आधीच्या बाळाच्या रक्ताचा डोळ्यांना न दिसणारा अंश पुढच्या कानाला लागू शकतो. सगळीच यंत्रं अशी असतात असं नाही. काहींमध्ये कानाला लागणारा भाग स्टडसकट सीलबंद येतो, एकदाच वापरतात आणि टाकून देतात. आमच्यासमोरची गन तशी नव्हती. सांगितलं मात्र तसंच होतं.

पहिल्या कानाला गन दाबली, स्टड आत गेला आणि गन तिथेच अडकली. सुटेना. त्या हलवून हलवून ओढत होत्या आणि लेक निळी पडेपर्यंत रडत होती. नवऱ्याने “थांबा, थांबा” म्हणून हात धरला. शेवटी निघाली. दुसरा कान नको म्हणावं असं वाटत होतं, पण “एक टोचून एक ठेवलात तर नंतर जास्त त्रास” असं म्हणत त्यांनी तो उरकलासुद्धा. त्यातला स्टड पाळीच्या मध्यावर बसला नाही, वर सरकला.

घरी येऊन पावती नीट वाचली. तिच्यावर ‘डॉक्टर फी’ नव्हती, ‘सोनं’ हा शब्द नव्हता. लिहिलं होतं ‘ब्यूटी सर्व्हिस’ आणि ‘फॅशन स्टड, १ जोडी’. खाली शिक्का दुकानाचा, सही कुणाची ते कळत नव्हतं. नवऱ्याने लगेच फोन केला, तर “सिस्टीममध्ये तसंच येतं सर” एवढंच उत्तर.

थोड्याच दिवसांत डावी पाळी लाल झाली, मग टरारून सुजली, स्पर्श केला की लेक किंचाळायची. एका सकाळी मागची चाप दिसेनाच. सुजलेल्या पाळीने तिला आत ओढून घेतलं होतं आणि कडेने पिवळा पू येत होता. बालरोगतज्ज्ञांनी तातडीने कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे, नौपाड्यात पाठवलं. त्यांनी जागा बधिर करून चाप बाहेर काढली, अँटिबायोटिक दिलं. ते म्हणाले, “गनचे स्टड आखूड असतात आणि चाप घट्ट दाबून बसते. सूज आली की तिला पसरायला जागाच उरत नाही, मग चाप आत रुतते.” दुसरं त्यांनी जे सांगितलं त्याने माझ्या पोटात गोळा आला. उजवा कान आणखी थोडा वर टोचला असता तर कूर्चेला, म्हणजे पाळीच्या वरच्या कडक पण लवचिक भागाला लागलं असतं. तिथे रक्तपुरवठा कमी, जंतुसंसर्ग झाला तर लवकर आटोक्यात येत नाही आणि कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो.

काढलेला स्टड डॉक्टरांनी छोट्या डबीत घालून आमच्या हाती दिला. तो घेऊन सासूबाई आणि मी जांभळी नाक्याजवळच्या त्यांच्या ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्यांनी कसोटीच्या दगडावर घासला, पिवळसर रेघ उमटली. वर आम्लाचा थेंब टाकला आणि रेघ आमच्या डोळ्यांदेखत पुसून गेली. “काकू, सोन्याचं पाणी दिलंय नुसतं. आत पांढरा धातू.” अशा स्वस्त धातूंमध्ये बऱ्याचदा निकेल असतं आणि ताज्या जखमेत निकेल गेलं की काहींना त्याची अॅलर्जी जडते, ती पुढे जन्मभर राहू शकते. पहिल्यांदा घालायचा दागिना म्हणूनच सोन्याचा किंवा शरीरात बसवायच्या दर्जाच्या टायटॅनियमचा असावा असं डॉक्टर सांगतात.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. मी दुकानात हॉलमार्कचं विचारलं होतं. तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूला हॉलमार्क लागत नाही मॅडम.” ही गोष्ट खरी आहे. सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडीशिवाय (प्रत्येक दागिन्याच्या वेगळ्या ओळख क्रमांकाशिवाय) विक्री बंद झाली, पण २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंना यातून सूट आहे. बाळाचे स्टड त्या सुटीतच बसतात. म्हणजे खऱ्या नियमाच्या आडून त्याने खोटा माल खपवला. हॉलमार्क नसेल तेव्हा आपल्या हातात एकच पुरावा उरतो, पावती. तिच्यावर ‘सोनं’, कॅरेट आणि वजन लिहून मागायचं. जो लिहून देत नाही त्याच्याकडचा माल सोन्याचा नाही असंच धरायचं.

डॉक्टरांच्या बाबतीतही पावतीच बोलते. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचरणाचे २००२ चे जे नियम आहेत, त्यांत स्पष्ट म्हटलंय की डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा आणि प्रिस्क्रिप्शन, प्रमाणपत्र, पैशांची पावती या सगळ्यांवर लिहायचा. तो नंबर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत. त्या मॅडमचं नाव आम्ही तिन्हीकडे शोधलं, कुठेच मिळालं नाही. पुन्हा फोन केल्यावर त्यांच्या मॅनेजरने सांगितलं, “त्यांनी कॉस्मेटॉलॉजीचा कोर्स केलाय, पेशंट लोक त्यांना डॉक्टर म्हणतात.” पेशंट लोक म्हणत नव्हते. त्यांच्याच माणसाने मला लेखी कळवलं होतं. वर ते आम्हालाच ऐकवत होते की तुम्ही तेल लावलं असेल, बाळाने हात घातला असेल, हवं तर फुकटात पुन्हा टोचून देतो. ज्या बाळाच्या पाळीतून चाप चिरून काढावी लागली, त्याच बाळाला पुन्हा तिथेच न्यायचं!

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. व्हॉट्सअॅपचा मेसेज, पावती, पाळीचे फोटो, कान-नाक-घसा तज्ज्ञांचा कागद आणि सोनाराची चिठ्ठी, सगळं जोडलं. मेसेज समोर आल्यावर त्यांचा सूर बदलला आणि त्यांनी ४,८०० रुपये परत केले. उपचारांचा खर्च मात्र नाकारला. डॉक्टर नसताना डॉक्टर म्हणवून घेतल्याबद्दल महापालिकेच्या आरोग्य विभागाला वेगळं पत्र दिलं आहे, त्याची पोच आमच्याकडे आहे.

पुढे कान पूर्ण भरून आल्यावर आणि तज्ज्ञांनी हिरवा कंदील दिल्यावर, आम्ही त्यांच्याकडूनच टोचून घेतले. यावेळी काय वेगळं होतं ते सांगते. सुईचं पाकीट त्यांनी माझ्या हातात दिलं, “तारीख वाचा आणि तुम्हीच फोडा,” म्हणाले. सुई पोकळ, एकदाच वापरायची. ती टोचून झाल्यावर समोरच वेगळ्या डब्यात टाकली. लेकीला सासूबाईंनी सरळ उभं धरलं, डॉक्टरांनी खुणा केल्या, लांब जाऊन बघितल्या, एक पुसून पुन्हा केली आणि मला विचारलं, “बरोबर दिसतंय?” घातली ती सोन्याची सैलसर बाळी, जांभळी नाक्याच्या सोनाराकडूनच घेतलेली, कॅरेट आणि वजन पावतीवर. मागे चाप नाही, त्यामुळे सूज आली तरी जागा राहते.

सोनाराकडून टोचून घेणारे कुणी विचारतील म्हणून हेही लिहिते. जुन्या पद्धतीत सोन्याच्या तारेचंच टोक काढतात, तीच टोचतात आणि तीच कानात वळवून ठेवतात. ज्याची तार त्याच्याच कानात राहते, एकाची दुसऱ्याला लागत नाही आणि कडी सैल असते. या दोन गोष्टी मला त्या गनपेक्षा कितीतरी बऱ्या वाटतात. हात धुणं, मोजे, तार निर्जंतुक करणं, हे मात्र सोनाराला आधी विचारा. चांगला सोनार त्यावर चिडत नाही.

उपचारांच्या खर्चासाठी आम्ही ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही आणि घटना घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. कुणाला असाच अनुभव आला असेल तर पावती, मेसेज आणि काढलेला स्टड टाकून देऊ नका. स्टड तर अजिबात नाही, आमच्या तक्रारीतला सगळ्यात पक्का पुरावा तोच आहे.