चक्कर आणि ॲक्युपंक्चर: सहा महिन्यांच्या वापरानंतर

आधी चक्कर कुठली ते ठरवा, मग सुया. पहिला महिना आठवड्याला दोन बैठका, पुढे पंधरवड्याला एक, असं सहा महिने केल्यावर सगळ्यात ठामपणे सांगावंसं वाटतं ते हेच.

कुशीवर वळताना किंवा वरच्या फळीवरचा डबा काढताना खोली गरगर फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते, ती बहुतेक वेळा कानातले कॅल्शियमचे कण सरकल्याची चक्कर. सुईने ते कण जागेवर जात नाहीत. त्यासाठी एप्ली, म्हणजे डोकं ठराविक क्रमाने वळवून कण जागेवर नेण्याची कृती: बसून मान दोषी कानाकडे ४५ अंश वळवायची, तशीच पाठीवर आडवं होऊन डोकं किंचित खाली सोडायचं, मग मान दुसऱ्या बाजूला ९० अंश, मग त्याच कुशीवर वळून नाक जमिनीकडे, मग उठून बसायचं. प्रत्येक ठिकाणी ३० ते ६० सेकंद. पहिल्यांदा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडूनच करून घ्या, म्हणजे बाजू चुकत नाही. गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) बांबोळीला कान-नाक-घशाची ओपीडी आहे.

सुयांचा उपयोग होतो तो मळमळ आणि आखडलेली मान यांवर. नेईगुआन हा बिंदू मनगटाच्या घडीपासून कोपराकडे तीन बोटं वर, मधल्या दोन शिरांच्या (खरं तर स्नायूबंधांच्या) फटीत असतो. सुई बरोबर बसली की टोचल्याचं दुखत नाही, बोटांकडे जड ओढ जाणवते. वीज चमकल्यासारखी झिणझिण आली तर खाली मज्जातंतू आहे, तेव्हा लगेच सांगा. घरी याच जागी अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबलं तरी चोर्ला घाटाच्या वळणांत मळमळ बरीच आवरते. मानेमागचे फेंगची बिंदू मात्र घरी टोचून घेण्याची गोष्ट नव्हे. सुईची दिशा आणि खोली चुकली तर आत मेंदूचा देठ आहे.

सगळ्यात जास्त चुकतं ते झोपवण्यात. मानेच्या सुयांसाठी पालथं झोपवलं की तोंड टेबलाच्या खळग्यात जातं आणि तेवढ्यानेच चक्कर सुरू होते. बसवून टोचलं तर घेरी येऊन पडायची भीती. दोषी कान वर ठेवून कुशीवर झोपणं बरं, २० ते ३० मिनिटं. रिकाम्या पोटी जाऊ नका. तासभर आधी वाटीभर पेज पुरते. सुया काढल्यावर पाच मिनिटं पडून राहा, आणि परतताना स्कूटर दुसऱ्याला चालवू द्या.

चिनी काढ्यांबाबत आमचं मत सावध आहे. बानशिया-बाईझू-तिएनमा हा काढा तिथे 'कफाच्या' चक्करेला देतात. त्यातला बानशिया कच्चा विषारी असतो, म्हणून प्रक्रिया केलेलाच लागतो. बऱ्याच काढ्यांत ज्येष्ठमधही असतं. रोज घेतलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना पुडी दाखवल्याशिवाय घेऊ नये. घटक न छापलेली पुडी तर नकोच.

कानात दडा, आवाज आणि तासन्‌तास चक्कर असेल तर मेनियरचा (आतल्या कानाच्या आजाराचा) संशय घेऊन मीठ आधी कमी करा. खारा बांगडा आणि मिस्कूट (कैरीचं लोणचं) ताटातून उचललं की फरक कळतो.

आमचे गुण: मळमळीला पाचपैकी चार, मानेला तीन, गरगरण्याला शून्य. चक्करेबरोबर जीभ अडखळली, दोन-दोन दिसू लागलं, तोंड वाकडं झालं किंवा चालताना तोल गेला, तर सुयांची वेळ रद्द करा आणि १०८ ला फोन करा.