स्विफ्ट लेहला न्यायची तर: पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही

2018 ते 2024 दरम्यान विकली गेलेली 1.2 लिटर पेट्रोल स्विफ्ट पुण्या-मुंबईच्या कुठल्याही सोसायटीत उभी दिसते. मनाली–लेह रस्ता ती करते. नवल नाही, तिथे आल्टोही दिसतात. अडचण आहे ती 163 मिमी ग्राउंड क्लिअरन्सची. हा आकडा रिकाम्या गाडीचा धरावा. चार माणसांचे 280 किलो, वर बॅगा आणि पाण्याचे कॅन चढले की मागचा भाग बसतो आणि पोटाखालची जागा कमी होते. त्यामुळे या गाडीची तयारी म्हणजे मुख्यतः टायर नीट निवडणं आणि वजन आवरणं. तीन माणसांत गेलात तर अर्धी कटकट मिटली.

टायरच्या बाबतीत स्वस्त मॉडेल महागड्यापेक्षा सरस आहे. खालच्या मॉडेलना 165/80 आर14, वरच्यांना 185/65 आर15. पहिल्याची साइडवॉल (रिम आणि नक्षी यांच्यामधली रबरी कड) 132 मिमी उंच, दुसऱ्याची 120. अणकुचीदार दगडावर चाक आपटलं की हे 12 मिमी रबर रिमला वाचवतं. त्यात पत्र्याची रिम वाकली तर हातोड्याने ठोकून हवा धरण्याइतकी सरळ करता येते. अलॉयला तडा गेला की विषय संपला. दोन्ही चाकांचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच (सुमारे 62 सेंमी) असल्याने झेडएक्सआयला, म्हणजे वरच्या मॉडेलला, 14 इंची चाकं बसवली तरी स्पीडोमीटर चुकत नाही. फक्त रिम पुढच्या ब्रेक कॅलिपरला घासत नाही ना, हे चाक हाताने फिरवून बघा. नक्षी 4 मिमीपेक्षा कमी उरली असेल तर टायर बदलूनच निघा. स्टेपनीही त्याच दर्जाची हवी, कारण साइडवॉल फाटली तर पंक्चरच्या किटने काही होत नाही.

हवेबद्दल एक गैरसमज फार दिसतो. पुण्यात 30 पीएसआय भरून निघालेला टायर 5,328 मीटरवरच्या तांगलांग ला खिंडीत, थंडी धरूनसुद्धा, गेजवर दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतो. बाहेरच्या हवेचा दाब घटतो म्हणून हे होतं. तिथे घाबरून हवा काढली की खाली उतरल्यावर टायर नरम सापडतात आणि खड्ड्यात रिम मार खाते. हवा थंड टायरात, सकाळी, दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरायची आणि मध्ये हात लावायचा नाही.

दुसरा खर्च चेंबर गार्डचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला (चेंबर) वाचवणाऱ्या पत्र्याचा. कंपनीचं खालचं प्लॅस्टिक चिखल अडवतं, दगड नाही. 2 मिमी पोलादी पत्र्याचा, सबफ्रेमला बोल्टने धरलेला गार्ड घ्या. विकत घेताना दोन गोष्टी तपासा: ऑइल काढायच्या नटसमोर भोक आहे का, आणि गार्ड चेंबरला टेकत नाही ना. टेकत असेल तर दगडाचा धक्का थेट चेंबरला पोचतो आणि गार्ड असून नसून सारखाच. बोल्टखाली स्प्रिंग वॉशर घाला, नाहीतर पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर खडखडाट सुरू होतो.

गाडी उंच करण्यासाठी स्प्रिंगच्या वेढ्यांत बसवायचे रबरी बफर दुकानदार आग्रहाने गळ्यात मारतात. घेऊ नका. बफर असलेले वेढे दबत नाहीत, सगळा ताण उरलेल्या वेढ्यांवर येतो आणि स्प्रिंग तिथेच तुटते. शॉकअप गळत असतील तर नवे टाका, ते पैसे सत्कारणी लागतील. छतावरचा कॅरिअर तर नकोच. बुलबारवर (बंपरपुढच्या लोखंडी दांड्यांवर) 2017 पासून बंदीच आहे.

ब्रेक ऑइल बदलून दोन वर्षं झाली असतील तर निघण्याआधी नवं घाला. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट 3 दर्जाचं नवं ऑइल निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरलेल्याची हमी 140 पर्यंतच. याच रस्त्यावरच्या गाटा लूप्स घाटाची 21 वळणं उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला तर ऑइल उकळतं, नळीत वाफ धरते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. एजीएसवाल्यांनी (आपोआप गिअर बदलणारी स्विफ्ट) दांडा मॅन्युअलवर घ्यावा, आणि चढावर थांबताना ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नये, क्लच जळतो. इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो नसल्यामुळे खिंडीतल्या विरळ हवेत इंजिनाची ताकद साधारण 40 टक्क्यांनी कमी होते. त्याला गॅरेजमध्ये उपाय नाही, गिअर खाली घ्यायचा एवढंच.

कूलंटमध्ये आपल्याकडे उन्हाळ्यात सर्रास नळाचं पाणी ओततात. सप्टेंबरनंतर वाटेतल्या सरचूच्या मुक्कामी रात्री ते गोठू शकतं. पूर्ण काढून निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी भरा. रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकणही बदला: 5,300 मीटरवर उघडं पाणी 83 अंशांच्या आसपासच उकळतं, दाब धरून ठेवून ते उकळू न देणारं हे झाकण.

पेट्रोलचे कॅन कशाला? मनालीकडून जाताना लागणाऱ्या तांदीच्या पंपावरची ती प्रसिद्ध पाटी पुढचा पंप 365 किमीवर सांगते. तिथे भरलेली 37 लिटरची टाकी, चढाचं 14 चं ॲव्हरेज धरलं तरी 500 किमी निघतात. डिकीत पेट्रोल घेऊन फिरण्याचा धोका उगाच.

डिकीत हवं ते एवढंच: 19 चा प्लस पाना (गाडीसोबतचा आखूड पाना गॅरेजच्या मशीनने आवळलेला नट सोडवत नाही), जॅकखाली ठेवायला फूटभर लांबी-रुंदीचा 18 मिमी प्लायवुडचा तुकडा, एअर फिल्टर, पंक्चर काढायचं टोचण आणि रबरी पट्ट्या, आणि 12 व्होल्टचा हवेचा पंप. पंपाची वायर मागच्या चाकापर्यंत पोचेल अशी तीन मीटर तरी हवी. इंजिन चालू ठेवून भरा, दहा मिनिटांनी पंपाला विश्रांती द्या. स्वस्त पंपाचे सील गरम होऊन जातात.

कामं निघण्याच्या निदान 500 किमी आधी उरका. नवे ब्रेक पॅड बसायला वेळ लागतो, आणि सैल राहिलेला बोल्ट ताम्हिणीत किंवा वरंधा घाटात कळलेला बरा.

नाल्यांच्या बाबतीत स्विफ्टला मर्यादा आहे: पाणी चाकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे 30 सेंमी. दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं, म्हणून सकाळी ओलांडा. पहिला गिअर, एकसारखा वेग, मध्येच क्लच दाबायचा नाही. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा आणि आधी एअर फिल्टर उघडून ओला आहे का ते बघा.