विंचेस्टर की व्हेली? कॅलिफोर्नियातील दोन ‘झपाटलेल्या’ घरांपैकी कोणते पाहावे

राणी व्हिक्टोरियाच्या काळात बांधायला घेतलेली आणि भुताटकीसाठी प्रसिद्ध असलेली दोन घरे कॅलिफोर्नियात पर्यटकांसाठी खुली आहेत: सॅन होजे येथील विंचेस्टर मिस्ट्री हाउस आणि सॅन डिएगोच्या ओल्ड टाउन या जुन्या वस्तीतील व्हेली हाउस. दोहोंमधील अंतर सुमारे साडेसातशे किलोमीटर असल्यामुळे एकाच सहलीत दोन्ही पाहणे बहुतेकांना जमत नाही. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, राहणाऱ्या मराठी कुटुंबांना सॅन होजे घरचेच असल्याने निवड आपोआप विंचेस्टरकडे झुकते. परंतु केवळ जवळ आहे म्हणून निर्णय घेऊ नये, कारण या दोन वास्तूंमध्ये पाहण्यासारखे जे आहे ते मुळातच वेगळे आहे.

विंचेस्टर हाउसची प्रचलित कथा अशी की, बंदुकांच्या कारखान्याचे वारस विल्यम विंचेस्टर यांची विधवा सारा हिला एका मांत्रिकाने सांगितले, की या बंदुकांनी मारलेल्यांचे आत्मे तुझ्या मागे लागले आहेत आणि बांधकाम थांबले की तुझा मृत्यू होईल; म्हणून तिने अहोरात्र बांधकाम चालू ठेवले. साराची मुलगी १८६६ मध्ये जेमतेम दीड महिन्याची असताना वारली आणि पती १८८१ मध्ये क्षयाने गेला, हे खरे आहे. १८८६ मध्ये तिने आठ खोल्यांचे शेतघर विकत घेतले आणि १९२२ मध्ये तिचा मृत्यू झाला तोपर्यंत ते वाढत वाढत सुमारे १६० खोल्यांचे झाले, हेही खरे आहे. मांत्रिकाच्या भेटीला मात्र विश्वसनीय पुरावा नाही, आणि आपण थकून गेल्यामुळे सर्व कामगारांना रजा दिली, असे तिने स्वतःच एका पत्रात लिहिलेले असल्याने अखंड बांधकामाची गोष्टही टिकत नाही.

या घराची खरी श्रीमंती त्याच्या बांधणीत आहे. खिडक्यांच्या सुमारे १०,००० काचा, २,००० दारे आणि भिंतीतल्या ४७ शेकोट्या (फायरप्लेस) असलेली ही वास्तू कोणत्याही एका आराखड्याशिवाय, मालकिणीच्या मनात येईल तशी उभी राहिली. छतापाशी जाऊन संपणारा जिना आणि वरच्या मजल्यावरून थेट बाहेरच्या पोकळीत उघडणारे दार दाखवून पर्यटकांना भुतांना चकवण्याची युक्ती सांगितली जाते. प्रत्यक्षात १९०६ च्या भूकंपात सात मजली मनोरा कोसळला, वरचे मजले खिळखिळे झाले आणि त्यांतील बराच भाग पुन्हा बांधण्याऐवजी काढून टाकला गेला; कुठेच न पोहोचणाऱ्या अनेक वाटांचे कारण त्या पडझडीत सापडते. जेमतेम दोन इंच उंचीच्या पायऱ्यांचा, सात वळणे घेऊन एकच मजला चढणारा जिना तर मला घरातील सर्वांत हृद्य जागा वाटतो, कारण तो संधिवाताने ग्रासलेल्या एका वृद्ध स्त्रीने स्वतःच्या सोयीसाठी करवून घेतला होता. शेवटी एवढी एक उणीव सांगितली पाहिजे: साराच्या मृत्यूनंतर सामान घराबाहेर गेले, त्यामुळे आज मांडलेले बहुतेक फर्निचर तिच्या वापरातले नाही.

व्हेली हाउस याच्या शेजारी ठेवले तर अगदीच लहान, दुमजली आणि विटांचे आहे. थॉमस व्हेली या व्यापाऱ्याने ते १८५७ मध्ये स्वतःच्या भट्टीतील विटांनी पूर्ण केले. शैलीच्या दृष्टीने ते ग्रीक धाटणीचे असल्याने, नक्षीदार कमानी आणि मनोरे यांच्या अपेक्षेने जाणाऱ्याची निराशा होईल. याच जागेवर १८५२ मध्ये ‘यांकी जिम’ रॉबिन्सन याला होडी चोरल्याच्या आरोपावरून फाशी दिली गेली होती आणि ती व्हेलीने पाहिली होती. तरीही त्याने ही जागा विकत घेतली. त्यानंतर घरात जड पावलांचा आवाज येतो, ही आख्यायिका सुरू झाली. या घरात दुकान होते, १८६८ मध्ये नाटकमंडळी होती आणि पुढच्याच वर्षापासून जिल्ह्याचे न्यायालय होते. १८७१ मध्ये न्यायालयाचे दप्तर सॅन डिएगोच्या नव्या वस्तीकडे जबरदस्तीने हलवले गेले. एका छोट्या गावाचा सारा सार्वजनिक व्यवहार ज्या भिंतींमध्ये चालला, तेथे उभे राहिले की इतिहास भुतांपेक्षा कितीतरी अधिक जाणवतो.

मुलांना नेणार असाल तर एक गोष्ट आधी माहीत असावी. थॉमसची मुलगी व्हायोलेट हिने फसलेल्या लग्नानंतर १८८५ मध्ये, २२ व्या वर्षी आत्महत्या केली आणि तिचे नाव इथल्या भुतांच्या गोष्टींत हमखास येते. एका दुःखी मुलीच्या मृत्यूचा थरारासाठी उपयोग व्हावा हे मला पटत नाही. लहान मुले बरोबर असतील तर दिवसाची भेटच घ्यावी.

सोयीचा विचार करता विंचेस्टर अधिक महाग आणि अधिक दमवणारे आहे. मार्गदर्शकाबरोबरची फेरी तासाभराहून जास्त चालते, जिने आणि अरुंद वाटा सारख्या येत राहतात, आणि चाकांच्या खुर्चीवरून पूर्ण घर पाहता येत नाही. भारतातून आलेल्या आईवडिलांचे गुडघे दुखत असतील तर त्यांच्यासाठी बाग आणि बाहेरून दिसणारी वास्तू एवढ्यावरच समाधान मानावे. व्हेली हाउस थोड्या वेळात पाहून होते आणि उरलेला दिवस ओल्ड टाउनमध्ये पायी फिरण्यात सहज जातो. रेल्वे आणि ट्रॉलीचे (ट्रामचे) स्थानकही जवळच आहे.

वास्तुकलेची, सुतारकामाची किंवा रंगीत काचेची आवड असलेल्याने विंचेस्टरच निवडावे आणि त्यासाठी मुद्दाम सॅन होजेला जावे. ज्यांना भुताच्या कथेमागची खरी माणसे आणि त्यांचा नोंदवलेला इतिहास हवा आहे, त्यांनी सॅन डिएगोच्या सहलीत अर्धा दिवस व्हेली हाउससाठी राखून ठेवावा. केवळ घाबरण्याची हौस असेल तर दोन्हीकडे संध्याकाळच्या विशेष फेऱ्या कधी असतात ते पाहून, तिकीट आधीच काढून जावे.