लपलेलं गृहीतक शोधायचं कसं: मधली कडी, नकार-कसोटी की पंचावयव?

"तो रोज दोन तास वाचत बसतो, म्हणून त्याची परीक्षा चांगली जाणार." यात आधारविधान (ज्यावर विसंबून बोललं जातं ते) आहे, निष्कर्षही आहे. दोघांना जोडणारं विधान मात्र कुणी उच्चारलेलं नाही. ते बाहेर काढायच्या तीन पद्धती आहेत. कुठलीही वापरली तरी उत्तर तेच येईल अशी समजूत असते, पण तसं होत नाही.

मधली कडी भरणं

ही सगळ्यात झटपट पद्धत. निष्कर्षात आहे पण आधारविधानात नाही तो शब्द अधोरेखित करा (इथे 'परीक्षा'), मग उलट बाजूनं तेच करा ('दोन तास वाचणं'). दोन्ही शब्द "जो जो... तो तो" या साच्यात बसवा: जो जो रोज दोन तास वाचतो, त्याची परीक्षा चांगली जाते. कडी जुळली, युक्तिवाद बिनचूक झाला.

बिनचूक झाला खरा, पण बोलणाऱ्याला एवढं मोठं विधान अभिप्रेत असेलच असं नाही. या पद्धतीतून *पुरेसं* गृहीतक मिळतं, म्हणजे जे मानलं की निष्कर्ष निघालाच पाहिजे असं. स्वतःचा मुद्दा पक्का करताना ते हवंच. समोरच्याला खोडून काढताना मात्र हेच विधान त्याच्या तोंडी घातलं तर आपण बुजगावण्याशी कुस्ती खेळतो.

नकार-कसोटी

ही गृहीतक *आवश्यक* आहे का ते पाहते, म्हणजे जे काढून घेतलं की युक्तिवाद कोसळतो असं. संशयित गृहीतक लिहा, त्याचा नकार करा आणि मूळ युक्तिवादाशेजारी ठेवून वाचा. "तो जे वाचतो त्याचा परीक्षेशी काही संबंध आहे." नकार: काहीच संबंध नाही. आता "म्हणून" टिकत नाही, तेव्हा हे आवश्यक. "तो वर्गात सगळ्यात हुशार आहे." नकार केला तरी युक्तिवाद जागेवरच उभा राहतो, तेव्हा हे सोडून द्या.

चूक होते ती नकार करताना. 'सर्व' चा नकार 'कुणीच नाही' नव्हे, 'निदान एक तरी नाही' असा असतो. 'काही' चा नकार 'एकही नाही'. 'नेहमी' चा नकार 'कधीच नाही' केला, तर साधं गृहीतकही जीवनमरणाचं वाटू लागतं. दुसरी चूक अधिक फसवी: निष्कर्षच वेगळ्या शब्दांत लिहून त्याचा नकार करायचा. युक्तिवाद कोसळतो, पण हाती काही लागत नाही.

कसोटीची मर्यादा अशी की संशयित तुम्हालाच सुचावा लागतो. ती तपासते, शोधून देत नाही.

पंचावयव

न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तर्कपरंपरेतली ही पाच पायऱ्यांची मांडणी: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पर्वतावर अग्नी आहे; कारण धूर आहे; जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात; इथे तसाच धूर आहे; म्हणून अग्नी आहे. खरं काम तिसरी पायरी करते. तिथे व्याप्ती, म्हणजे 'जिथे धूर तिथे अग्नी' असा जोडणारा नियम, उघड बोलावी लागते, आणि शिवाय तिचं प्रत्यक्ष उदाहरणही द्यावं लागतं. ते सुचलं नाही तर तिथेच थांबा.

याच परंपरेतली 'उपाधी' ही कल्पना तर रोजच्या वादांत फारच कामाची. "जिथे अग्नी तिथे धूर" हे उलटं विधान मात्र खोटं आहे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याला धूर येत नाही. धूर यायला इंधन ओलं लागतं. ही न बोललेली अट म्हणजे उपाधी. आपल्या उदाहरणात ती अशी: वाचन अभ्यासक्रमातलंच हवं.

ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूल्मिन यांनी 1958 मध्ये मांडलेला सहा भागांचा आराखडा (दावा, आधार, दुवा, दुव्याचं पाठबळ, खात्रीचं प्रमाण, अपवाद) याच कुळातला. 'बहुतेक' आणि 'जर... नसेल तर' यांना त्यात स्वतंत्र जागा आहे, म्हणून लांबलचक लेख तपासायला तो बरा. दोन ओळींच्या वादाला मात्र जड होतो.

आधी प्रकार ओळखा

निवड खरी अनुमानाच्या प्रकारावर ठरते. एक प्रश्न विचारा: आधारविधानं खरी ठेवूनही एखादी नवी माहिती निष्कर्ष डळमळीत करू शकते का? नसेल तर अनुमान निगामी, म्हणजे आधार खरे असले की निष्कर्ष खरा ठरतोच असं; तिथे मधली कडी उत्तम चालते. असेल तर विगामी, म्हणजे निष्कर्ष फक्त संभाव्य ठरतो असं, आणि मग "जो जो" चा साचा बहुधा अन्याय करतो. 'नक्कीच', 'शक्यतो' या शब्दांवर विसंबू नका. लोक अंदाजालाही 'नक्कीच' लावतात.

"तिघांनी हा फोन घेतला, तिघांचाही तापतो, म्हणजे हा फोन तापतोच" इथे आवश्यक गृहीतक नमुन्याबद्दलचं असतं: हे तिघे बाकीच्यांसारखेच वापरतात. साम्यानुमानात, म्हणजे दोन गोष्टी सारख्या आहेत म्हणून एकीचं दुसरीलाही लावताना, ते साम्य मुद्द्याशी निगडित आहे हे गृहीत धरलेलं असतं. "रस्ता ओला आहे, म्हणजे पाऊस पडला" इथे गृहीतक म्हणजे दुसरं बरं स्पष्टीकरण नाही. तिथे फुटलेली जलवाहिनी, रस्ता धुणं असे निदान दोन पर्याय लिहून काढा आणि मगच नकार-कसोटी लावा.

एक सापळा मराठीचा स्वतःचा. "पाऊस पडला म्हणून रस्ता ओला आहे" यात 'म्हणून' आहे, पण रस्ता ओला असल्याबद्दल वाद नसेल तर हा युक्तिवादच नव्हे, नुसतं कारण सांगणं आहे. दुसरा भाग ऐकणाऱ्याला आधीच मान्य असेल, तर त्यात पटवण्यासाठी लपवलेलं गृहीतक शोधत बसू नका. सांगितलेलं कारण खरं आहे का, एवढंच पाहा.